रुखवत लोकलने नेताना

भाचीच्या लग्नासाठी आईनं महिनाभर खपून रुखवताची सप्तपदी केली होती. सुपाऱ्यांचे नवरा-नवरी, भटजी, करवल्या, सनईवाले, सगळं वऱ्हाड! मुलुंडहून लोकलनं निघालो. खोकं जपून मांडीवर धरलं, पण दादरच्या जिन्यावर एकच धक्का बसला आणि वऱ्हाड आडवं झालं. कार्यालयात आई मागच्या खोलीत डिंक घेऊन बसली. अंतरपाट दूर झाला तेव्हाही ती तिथंच होती. नातीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या राहूनच गेल्या.

म्हणून धाकट्या भाचीच्या वेळी चुंबकाची युक्ती केली.

बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा घ्या. घरातलं ताट घेऊ नका. पुष्कळशा स्टेनलेस स्टीलला चुंबक धरत नाही, पितळ-अ‍ॅल्युमिनियमला तर मुळीच नाही. आधी चुंबक लावून पाहा.

हलक्या सुपाऱ्यांना फ्रिजवर लावायची जाहिरातीची चपटी चुंबकं पुरतात. कात्रीनं कापा, छापील बाजू बाहुलीच्या तळाला चिकटवा, काळी बाजू खाली ठेवा. प्लॅस्टरच्या जड बाहुल्यांना शर्टाच्या गुंडीएवढी चकचकीत निओडिमियमची चुंबकं लावा. चिकटवल्यावर रात्रभर वाळू द्या.

बाहुल्या डब्याच्या झाकणावर मांडा आणि वरून डबा उपडा घाला. झाकणच ट्रे, डबाच छत! बाहुल्यांमध्ये दोन बोटं अंतर ठेवा, नाहीतर चुंबकं एकमेकांकडे धावतात. रंगीत कागद पातळच अंथरा. जाड खणावर पकड सुटते. निघण्यापूर्वी गादीवर झाकण तिरकं करून पाहा. घसरली, तर चुंबक मोठं हवं.

एक गोष्ट मात्र विसरू नका. चकचकीत चुंबकं मुलांच्या हाती लागू देऊ नका. दोन पोटात गेली, तर आतड्याच्या वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली, तरी वाट न पाहता इस्पितळ गाठा. निघताना आणि परतताना मोजणी करा. ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांनी डबा छातीशी धरू नये.

या खेपेला तोच जिना, तीच गर्दी. कार्यालयात डबा उचलला, तर भटजींची पगडीसुद्धा जागेवर! पाच मिनिटांत रुखवत मांडून झालं. मंगलाष्टकांच्या वेळी आई पहिल्या रांगेत होती, मूठभर अक्षता घेऊन.