आयुर्वेदिकच आहे ना?

परवा आमच्या मेडिकलवर एका ताईंनी थायरॉईडच्या गोळ्यांची चिठ्ठी पुढे केली आणि वर अश्वगंधाची डबी मागितली. झोप लागत नाही म्हणून लेकीने सुचवली होती. “डॉक्टरांच्या कानावर घातलंय का?” मी विचारलं. “आयुर्वेदिकच आहे ना काका, त्यात काय सांगायचं?”

सांगायचं असतं. अश्वगंधा कुचकामी आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. हैदराबादच्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. सतत ताणाखाली असलेल्या ६४ जणांपैकी ज्यांना मुळाचा ३०० मिलिग्रॅम अर्क रोज दोनदा दिला, त्यांचा ताण ६० दिवसांत चांगलाच उतरला आणि रक्तातलं कॉर्टिसॉलही घटलं. पण जी वनस्पती कॉर्टिसॉल हलवते, ती थायरॉईडच्या हार्मोनला थोडीच सोडेल? ते वाढल्याचं आढळलं आहे. आइसलँड आणि अमेरिकेत अश्वगंधा घेणाऱ्या काहींना कावीळ झाल्याची नोंद २०२० साली वैद्यकीय नियतकालिकात आली. असे प्रकार विरळाच, पण मुळी नसतातच असं नाही.

डबीवर ठळक अक्षरांत ‘अँटिऑक्सिडंट’ असतं. त्याची एक नेहमीची चाचणी सांगतो. डीपीपीएच नावाच्या रसायनाच्या गडद जांभळ्या द्रावणात अर्क घालायचा. द्रावण पिवळं पडलं की अर्क पास! चहाचा अर्क घातला तरी ते पिवळं पडतं. परीक्षानळीतल्या या रंगावरून पोटात काय होईल, ते कळत नाही.

ज्याची जाहिरात होत नाही, ते जास्त महत्त्वाचं. शास्त्रात औषध म्हणून मूळ सांगितलंय. पानांत विथाफेरिन-ए हे तीव्र द्रव्य जास्त असतं. पानं वापरू नका, असं आयुष मंत्रालयाने २०२१ मध्येच उत्पादकांना बजावलं. पण अर्क मुळाचा की पानांचा, हे शोधायला काही डब्यांवर माझाही चष्मा कमी पडतो.

म्हणून तीन गोष्टी डबीच्या दर्शनी बाजूला, मराठीत छापणं सक्तीचं करा: मूळ की पान, अर्क किती मिलिग्रॅम, आणि गरोदर बायका, थायरॉईडचे व यकृताचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. तोवर हे विचारणं आम्हा दुकानदारांचं काम. एखादी डबी कमी खपली तर खपली.