सातबारा नाही म्हणून तो शेतकरी नाही?



विठ्ठलवाडी स्टेशनलगतच्या वस्त्यांत आम्ही काम करतो. मराठवाड्यातून, खानदेशातून आलेली कितीतरी बौद्ध कुटुंबे इथे आहेत. पीएम किसानचा हप्ता जमा झाला की गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो फिरतात. ते बघून वस्तीतल्या एक आजी आम्हाला म्हणाल्या, "बाळा, जन्मभर आम्ही खुरपलं. मग आम्ही कोण?"

सरकारच्या लेखी कोणीच नाही, आजी.

24 फेब्रुवारी 2019 ला ही योजना सुरू झाली. वर्षाला 6000 रुपये, 2000 चे तीन हप्ते. आधी दोन हेक्टरची मर्यादा होती, ती त्याच वर्षी काढून टाकली. 2023 पासून राज्याने 'नमो शेतकरी महासन्मान निधी'चे आणखी 6000 वर घातले. दोन्हीकडे अट एकच, जमीन नावावर पाहिजे. रान बटईने देऊन कल्याणला राहणारा मालक आयकर भरत नसेल, सरकारी नोकरीत नसेल, तर पात्र. ते रान कसणारा बटईदार अपात्र. मजुराचा तर विषयच नाही.

2011 च्या जनगणनेत देशात शेतमजूर होते 14 कोटी 43 लाख आणि स्वतःची किंवा बटईची शेती कसणारे 11 कोटी 88 लाख. म्हणजे शेतात राबणाऱ्यांत मोठा गट ज्याचा, त्यालाच 'सन्मान' नाही! जमीन कुणाच्या नावावर आणि खुरपे कुणाच्या हातात, हे या देशात जातीने ठरवले. सरकार तीच वाटणी प्रमाण मानून त्यावर पैसे वाटते.

आमच्या लोकांनी गायराने कसली, मार खाल्ला, केसेस अंगावर घेतल्या. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 1 एप्रिल 1978 ते 14 एप्रिल 1990 या काळातली अतिक्रमणे नियमित करायची होती. आजही कितीतरी जण तलाठ्याकडे खेटे घालतात. नाव लागत नाही, म्हणून हप्ताही नाही.

कुणी म्हणेल, भूमिहीनांसाठी दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजना आहे की. आहे, 2004 पासून. चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. पण मालकाने विकायला काढली तरच! गावात बौद्धाला कोण किती आनंदाने जमीन विकतो, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

पैसे देता येतात. ओडिशाने 'कालिया' योजनेत भूमिहीन कुटुंबे घेतली. छत्तीसगडने 2021 मध्ये भूमिहीन शेतमजुरांसाठी वेगळी योजना काढली. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राला मात्र ते सुचत नाही.

आणि आपल्याला तरी कुठे सुचते? शेतीचा प्रश्न निघाला की आपली पोरे म्हणतात, तो त्यांचा प्रश्न. 1938 मध्ये बाबासाहेबांनी खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर नेला, तो कुणाचा प्रश्न होता? दादासाहेबांनी भूमिहीनांचा सत्याग्रह 6 डिसेंबर 1964 ला सुरू केला, लाखो लोक तुरुंगात गेले. आपण त्याच तारखेला चैत्यभूमीवर जातो, पण त्या रांगेत जमिनीचे नाव निघत नाही. (आम्हीही त्याच रांगेत असतो.)

म्हणून मागणी करायची ती नेमकी करू. भूमिहीन शेतमजूर आणि बटईदाराला तेवढीच रक्कम त्याच्याच खात्यात मिळाली पाहिजे. 1991 च्या निर्णयात बसणारी गायराने नावावर झाली पाहिजेत. गावाकडे ज्यांचे आईवडील अजून गायरान कसतात, त्यांनी या सुट्टीत जाताना जुन्या दंडाच्या पावत्या, पीकपाहणीचे उतारे शोधून आणावेत. अर्ज लिहायला आम्ही बसतो.