जुलैतला रवा

२०२५ या सरत्या वर्षाचा ताळेबंद थोडक्यात उरकतो. पाऊस मे महिन्यातच दाराशी येऊन ठाकला. पहिलीपासूनच्या हिंदीचा शासन निर्णय निघाला आणि मागेही घेतला गेला. ११ जुलैला आपल्या किनाऱ्यासमोरचा खांदेरी किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, त्याचा अभिमान आहेच. वर्षभर टोचत राहिली ती मात्र फारच लहान गोष्ट: रव्याच्या पुड्यावरची तारीख.

जुलैत पुडा फोडला तर रव्याला जाळी धरलेली. चणाडाळीत भुंगे. तारखेवर बोट फिरवलं तर शाई बोटाला आली. शेजारीण म्हणाली, "चाळून घे गो, वाण्याला काय बोलनार?"

का बोलणार नाही? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या, हातात पैसा नाही, घर चालतं ते वाण्याच्या वहीवर. हिशेब चुकता होणार नारळी पौर्णिमेनंतर, दर्यात गेलेल्या होड्या मासळी घेऊन परतल्यावर. ज्याच्या वहीत आपलं नाव, त्याच्या पुड्यावरची तारीख कोण वाचून दाखवणार? म्हणजे दमटपणा आणि उधारी दोन्ही ऐन भरात असतात, नेमकी तेव्हाच गिऱ्हाइकाची जीभ बांधलेली असते.

यंदा त्याच १ जूनला अन्न व औषध प्रशासनाने मोबाइलवरून किराणा पुरवणाऱ्या झेप्टोच्या धारावीतल्या गोदामाचा परवाना निलंबित केला. काही मालावर बुरशी, साचलेल्या पाण्याजवळ साठा, मुदत संपलेला माल वेगळा ठेवलेला नाही, असं तपासणीत आढळलं. बातमी सगळीकडे झळकली. पण तिथलं गिऱ्हाईक मोबाइलवर दुसरं दुकान उघडू शकतं. आमच्या गल्लीतलं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं, तर पहिल्याला संध्याकाळपर्यंत कळतं.

कायदा गिऱ्हाइकाला विसरलेला नाही. २००६च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार फी भरून कोणालाही विकत घेतलेल्या मालाची तपासणी अन्न विश्लेषकाकडून करून घेता येते. अट एवढीच, की आपला तसा इरादा आहे हे खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगायचं. दोन महिन्यांची बाकी असलेल्या बाईने गल्ल्यापुढे उभं राहून हे सांगावं, अशी ही अपेक्षा! म्हणून तपासणी बाहेरूनच यायला हवी.

ती येते, पण कधी? खवा, भेसळीचं तूप यांवरच्या धाडींच्या बातम्या दसरा-दिवाळीच्या तोंडावरच वाचायला मिळतात. नमुना प्रयोगशाळेत पोहोचल्यावर अहवालाला कायद्याने चौदा दिवसांची मुदत. तोवर भाऊबीजही उरकलेली असते. नोंदणी झालेल्या छोट्या दुकानाची वर्षातून किमान एकदा तपासणी व्हावी, असं २०११च्या नियमावलीतच लिहिलं आहे. वर्षातून एकदा उगवणं दिवाळी अंकाला शोभतं, पण अन्न सुरक्षा अधिकाऱ्यालाही तेवढंच जमणार असेल, तर निदान महिना तरी नीट निवडावा.

वाण्याला फासावर चढवा, असं आमचं म्हणणं मुळीच नाही. पावसाळ्यात अर्धी आळी तोच जगवतो, तेही स्वतःचे पैसे अडकवून. पडून राहिलेला माल वितरक परत घेत नाही, मग तो फडताळात मागे सरकतो आणि वहीवरच्या गिऱ्हाइकाला मिळतो. कायद्यात थेट दंडाआधी सुधारणा नोटिशीची सोय आहे ती अशाच दुकानांसाठी. फळ्या जमिनीपासून वर घ्या, मुदत संपलेलं बाजूला काढा, एवढं सांगायला कोणीतरी उंबऱ्यात यायला तर हवं.

यंदाच्या अंकाचा विषय 'उधारी' आहे. कथा-कवितांत ती प्रेमाची, ऋणाची, राहून गेलेल्या भेटींची आहे. संपादकीयात आम्ही ती किराण्याची ठेवली, कारण या उधारीचं व्याज पोटातून वसूल होतं.

अन्न व औषध प्रशासनाच्या पेणच्या कार्यालयाला एवढंच सांगणं: वर्षाची एकच फेरी असेल तर ती जुलैत मारा. दिवाळीत यायचंच असेल, तर फराळाला या.