वाटमारीची शिक्षा

इस्लामी न्यायशास्त्रात वाटमारीला ‘हिराबा’ म्हणतात. या कायद्याचे मूळ कुराणातील माइदा सूरहच्या ३३ व्या आयतीत आहे. ठार मारणे, सुळी देणे, उजवा हात व डावा पाय असे आडवे अवयव तोडणे आणि हद्दपारी अशा चार शिक्षा तिथे येतात. पकडले जाण्याआधी पश्चात्ताप करणाऱ्याला पुढची आयत सूट देते. मात्र लुटलेला माल आणि सांडलेले रक्त यांचा हिशेब त्यालाही द्यावाच लागतो.

या शिक्षांपैकी कोणती द्यायची हे इमाम मालिकांच्या पंथाने बऱ्याच अंशी शासकावर सोपवले. हनफी आणि शाफई पंथांनी मात्र गुन्ह्यानुसार पायऱ्या लावल्या: नुसती दहशत घातली तर हद्दपारी (हनफींच्या मते कैद), माल नेला तर अवयव तोडणे, खून केला तर मृत्यू. हनफी पंथाचे संस्थापक अबू हनीफा यांच्या मते हिराबा गावाबाहेरच घडतो, कारण शहरात हाक मारली तर कोणीतरी धावून येते. त्यांचेच शिष्य अबू यूसुफ यांना हे पटले नाही. व्यवहार पाहता शिष्याचेच म्हणणे रास्त वाटते; भर वस्तीतही हाकेला ओ मिळतेच असे नाही.

खरा पेच साथीदारांचा. टोळीतल्या एकाने खून केला आणि दुसरा नुसता पहाऱ्यावर उभा होता, तर? हनफी शास्त्र दोघांनाही तीच शिक्षा देते. शाफई पहारेकऱ्याला सौम्य शिक्षेवर सोडतात. इंग्रजांनी १८६० मध्ये केलेल्या भारतीय दंड संहितेचे कलम ३९६ (भारतात २०२४ पर्यंत लागू) इथे हनफींच्या जवळ जात होते: पाच किंवा अधिक जणांच्या दरोड्यात एकानेही खून केला, तर प्रत्येकाला फाशीपर्यंतची शिक्षा होऊ शकत होती.

पाकिस्तानला ही संहिता वारशाने मिळाली. १९७९ मध्ये लष्करशहा झिया-उल-हक यांनी तिच्यावर हुदूद (धर्मग्रंथांनी ठरवलेल्या शिक्षांचा) अध्यादेश चढवला. त्यात ‘हराबा’ला माणसांची संख्या लागत नाही, हत्यारही लागत नाही. मात्र अवयव तोडायचे तर लुटीची किंमत ४.४५७ ग्रॅम सोन्याइतकी हवी आणि आरोपीचा कबुलीजबाब किंवा चारित्र्य पारखलेले दोन मुसलमान पुरुष साक्षीदार हवेत. रात्रीच्या लुटीला असे साक्षीदार आणायचे कुठून? त्यामुळे कायदा कागदावर राहिला आणि दरोडेखोरांना शिक्षा जुन्याच कलमांनी होत राहिल्या.

इराणची गोष्ट वेगळी. तिथल्या २०१३ च्या दंडसंहितेत लोकांना धाक घालण्यासाठी शस्त्र उपसणे आणि त्यातून असुरक्षितता निर्माण होणे एवढ्यावर ‘मोहारेबे’ (हिराबाचेच इराणी रूप) सिद्ध होतो, माल लुटला जावा लागत नाही. कुराणातल्या चारपैकी कोणती शिक्षा द्यायची हे न्यायाधीश ठरवतो. प्रवाशांच्या रक्षणासाठी घडलेले हे हत्यार तिथे सरकारविरोधी निदर्शकांवर चालवले गेले. २०२२ च्या आंदोलनात तेहरानमध्ये रस्ता अडवून निमलष्करी दलाच्या एका जवानाला जखमी केल्याच्या आरोपावरून एका तरुणाला याच गुन्ह्याखाली ८ डिसेंबरला फाशी झाली. त्या प्रकरणात कोणाचाही जीव गेला नव्हता.