मर्यादवेलीची मर्यादा

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या माळावर बापू गोखल्यांच्या घोडदळाने इंग्रजी फौजेवर चाल केली, तेव्हा शत्रूच्या फळीपुढची खोल दलदल कोणाच्याच ध्यानी नव्हती. भरधाव घोडी चिखलात रुतली आणि हल्ल्याचा जोर तेथेच ओसरला. पराभवाची कारणे अनेक होती. परंतु पायाखालची भूमी न जाणता टाकलेले पाऊल किती महाग पडते, हे या गावाला कोणी नव्याने शिकवावयास नको. आज याच खडकीत बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आहे. भूमी आधी पाहावी, मग पाऊल टाकावे, हे सॅपरच्या विद्येचे पहिले सूत्र होय. त्या सूत्राचे स्मरण आज आम्हांस झाले, ते कोकणच्या किनाऱ्यामुळे.

पुळणीच्या वरच्या अंगाला वाळूच्या ज्या बुटक्या टेकड्या असतात, त्यांकडे सुट्टीला गेलेला पुणेकर क्वचितच लक्ष देतो. वाऱ्याने उडालेली कोरडी वाळू मर्यादवेलीच्या जाळ्यात अडकते, कणावर कण साचतो आणि टेकडी उभी राहते. पावसाळ्यात खवळलेला समुद्र त्यातील वाळू ओढून नेतो. ती उथळ पाण्याखाली साचते व पुढच्या लाटांचा जोर तेथेच मोडतो. पावसाळा सरला, की शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. ही टेकडी म्हणजे अडीअडचणीसाठी राखलेली ठेवच. ती मोडून वर धूपप्रतिबंधक बंधारा घातला, तर मागची जागा कदाचित वाचते, पण पुढची पुळण झिजते आणि शेजारच्या गावाची धूप वाढते. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्याची पाहणी करणाऱ्या शास्त्रज्ञांनी, जेथे वाळूच्या टेकड्या शाबूत होत्या तेथे हानी कमी झाल्याचे नमूद केले. २०२० चे ‘निसर्ग’ वादळ रायगडने सोसले आहे. तेथे हे निराळे सांगावे लागू नये.

कायदा नाही, असे मुळीच नाही. किनारा नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ ची. २०११ व २०१९ च्या अधिसूचनांनी वाळूच्या टेकड्यांना अतिसंवेदनशील वर्गात स्थान दिले. मात्र कायद्याचे संरक्षण नकाशावर दिसणाऱ्या वस्तूलाच मिळते. १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर वीस मीटर रुंदीची टेकडी एक मिलिमीटरही भरत नाही. पेन्सिलीच्या रेघेखाली ती सहज लुप्त होते. १:४,००० च्या नकाशावर तीच पाच मिलिमीटर होते, म्हणजे डोळ्यांना दिसते आणि न्यायालयात दाखवता येते. बारीक मोजले तर किती फरक पडतो, याचा दाखला ताजा आहे. देशाच्या किनाऱ्याची लांबी आपण पिढ्यानपिढ्या ७,५१६ किलोमीटर अशी पाठ केली. नव्या मोजणीत ती ११,०९८ किलोमीटर भरली. त्यात भर अशी, की देशाच्या पडीक जमिनींच्या सरकारी नकाशासंग्रहात किनाऱ्यावरच्या वाळूचा समावेश आहे. एका हाताने जिला रक्षणीय म्हणावयाचे, तिलाच दुसऱ्या हाताने पडीक ठरवावयाचे, हा कारभार आम्हांस उमगत नाही.

कोकणवासीयांनी पोट कशावर भरावे, असा प्रश्न विचारला जातो व तो रास्त आहे. शहरात बसून दुसऱ्याच्या दारची वाळू राखण्याचा उपदेश करणे सोपे असते. परंतु त्याचे उत्तर वेळासने दिले आहे. तेथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने सागरी कासवांची घरटी राखली. आज कासवाची पिले समुद्रात जाताना पाहण्यासाठी लोक तेथे येतात आणि गावकऱ्यांच्या घरी उतरतात, जेवतात. राखलेली पुळण पोट भरू शकते. खचलेल्या पुळणीवरील उपाहारगृह मात्र फार दिवस चालत नाही.

आमची शासनाकडे मागणी साधी आहे. किनाऱ्यावरील प्रत्येक टेकडी १:४,००० च्या नकाशावर आणावी. तो नकाशा मराठीत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. आणि वाळू स्थिर राहत नाही म्हणून ठराविक वर्षांनी तो पुन्हा काढावा. बांधकामाची परवानगी तो पाहिल्यावाचून कोणी देऊ नये.

आमच्या वाचकांवरचे ओझेही हलके नाही. समुद्राकाठचा भूखंड घेणारे आपणच, पुळणीवर मोटार घालणारे आपणच आणि खोलीच्या खिडकीतून लाट दिसावी असा हट्ट धरणारेही आपणच. गिऱ्हाईक ज्याचा हट्ट धरते, तेच बाजारात उभे राहते. पूर्वजांनी त्या जांभळ्या फुलांच्या वेलीला मर्यादवेल हे नाव दिले. समुद्राने येथवरच यावे, असा त्याचा अर्थ लोक लावतात. माणसानेही येथवरच जावे, हा त्याचा दुसरा अर्थ आम्हांस अधिक निकडीचा वाटतो. आपण ही मर्यादा ओलांडली, तर समुद्राने ती पाळावी अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करणार?