एक किल्ली, अनेक दारे

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे गाव छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे सर्वांना ठाऊक आहे. आरोग्यशास्त्राचे अभ्यासक मात्र ते आणखी एका कारणाने ओळखतात. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००२ साली वढू व परिसरातील मिळून २२ गावांच्या लोकसंख्येची सतत नोंद ठेवण्यास आरंभ केला. जन्म, मृत्यू, स्थलांतर या निरनिराळ्या वेळच्या नोंदी एकाच माणसाच्या नावे जुळाव्यात, म्हणून प्रत्येकाला एक कायमचा क्रमांक देण्यात आला.

एक माणूस, एक क्रमांक. मग सर्व संकेतस्थळांसाठी एकच लॉगिन का नसावे? प्रश्न रास्त आहे; पण क्रमांक म्हणजे किल्ली नव्हे. हजेरीपटातला तुमचा क्रमांक साऱ्या वर्गाला माहीत असतो, त्याने काही बिघडत नाही. ‘मी अमुक’ असे सांगणे निराळे आणि ‘तो मीच’ हे पटवून देणे निराळे. लॉगिनचे काम हे दुसरे.

एकल लॉगिनची कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८३ साली सुरू झालेल्या ‘अथेना’ प्रकल्पातून ‘कर्बेरॉस’ ही पद्धत निघाली. एकदा ओळख पटली की मुदतीचे तिकीट मिळे व तेच पुढे चाले. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये ‘मेरी पहचान’ ही राष्ट्रीय सेवा सुरू झाली. डिजिलॉकर, जन परिचय व ई-प्रमाण यांपैकी एका खात्याने अनेक सरकारी सेवांत शिरता यावे, असा तिचा हेतू.

हे घडते कसे? तुम्ही शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर गेलात, की ते तुम्हांला मुख्य दरवाजाकडे धाडते. तेथे तुम्ही गुप्त शब्द देता. दरवाजा स्वतःच्या डिजिटल सहीची एक चिठ्ठी देतो. ती पाहून संकेतस्थळ तुम्हांला आत घेते. गुप्त शब्द त्याला कळतच नाही! दहा ठिकाणी दहा गुप्त शब्द (आणि बहुधा दहाही ठिकाणी तोच!) ठेवण्यापेक्षा हे शतपटीने बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोटा उघड आहे. मुख्य दरवाजाच फुटला तर सगळेच उघडे पडते. सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकच्या अशाच चिठ्ठ्या चोरीस गेल्या. सुमारे ३ कोटी खाती त्यात सापडली, असे कंपनीने नंतर सांगितले. आणि ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक काही तास बंद पडले, तेव्हा त्याच्या लॉगिनवर विसंबलेल्यांना इतर ठिकाणीही प्रवेश मिळेना. म्हणून मोबाइलवर येणाऱ्या अंकांसारखी दुसरी खूण हवीच, शिवाय प्रवेशाची पर्यायी वाटही हवी.

परंतु मला खरी काळजी वाटते ती बाहेर पडण्याची. तिच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा गावातील सेवा केंद्रात एकच संगणक पन्नास जण वापरतात. तुम्ही शिष्यवृत्तीच्या पानावर ‘लॉगआउट’ दाबले. त्या खोलीचे दार लागले. पण मुख्य दरवाजाने तुमची आठवण ब्राउझरमध्ये ठेवलेलीच असू शकते. तुमच्यानंतर बसलेल्याने दुसरी सेवा उघडली, की दरवाजा काहीही न विचारता तुमच्याच नावाची नवी चिठ्ठी देऊन मोकळा! यात त्याची लबाडी असेलच असे नाही. त्याचा अर्ज चुकून तुमच्या खात्यात जाईल, एवढेच.

सर्व सेवांतून एकदम बाहेर पडण्याची सोय तंत्रज्ञांना ठाऊक आहे, पण प्रत्येक सेवेने ती नीट राबवावी लागते. घरोघरी स्वतंत्र संगणक असतो असे गृहीत धरून आखलेली व्यवस्था आपल्या गावांना पुरी पडणार नाही. सरकारी सेवांनी तरी लॉगआउट दाबताच ‘या अमुक सेवा अजून उघड्या आहेत, त्या बंद करू का?’ असे मराठीत विचारलेच पाहिजे. तोवर शिक्षकांनी सामायिक संगणकावर ब्राउझरची खासगी खिडकीच वापरू द्यावी आणि उठताना तशा सर्व खिडक्या बंद करायला लावाव्यात. त्या मिटल्या की मुख्य दरवाजाची आठवणही पुसली जाते.