हिणकस नाण्याचे खरे धनी

जर्मन इतिहासांत १६१९ ते १६२३ हा काळ ‘किप्पर-विप्परांचा काळ’ म्हणून ओळखला जातो. तराजूचीं पारडीं झुलवून भारी नाणीं बाजूस काढणाऱ्या आणि हलकीं लोकांच्या माथीं मारणाऱ्या सराफांवरून हें नांव पडलें. आमचा आक्षेप या नांवावरच आहे. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचाच हा प्रकार होय. सराफ संन्यासी नव्हते, हें आम्हांस मान्य आहे. परंतु नाण्यावर मुद्रा उमटविण्याचा अधिकार त्यांस नव्हता, तो राजांस होता.

१६१८ मध्यें तीस वर्षांचें युद्ध पेटलें आणि सैन्याच्या पगारासाठीं लहानमोठे राजे टांकसाळी काढीत सुटले. चांदींत तांबें मिसळावें, तेंही इतकें कीं किरकोळ नाण्यांत चांदी नांवालाच उरावी, आणि किंमत मात्र पूर्वीचीच सांगावी, हा त्यांचा उद्योग! तीं नाणीं शेजारच्या राज्यांत खपवून तेथील चोख नाणीं वितळविण्यास आणीत. मग शेजाऱ्यासही तोच मार्ग धरणें भाग पडे.

बोहेमियांत काय घडलें तें पाहा. जानेवारी १६२२ मध्यें सम्राट दुसऱ्या फर्डिनांडच्या सरकारनें तेथील टांकसाळी एका मंडळीस वर्षाच्या मक्त्यानें दिल्या. मोबदला साठ लाख गुल्डेन. युद्धापूर्वीं एक मार्क चांदींतून सुमारें १९ गुल्डेन पाडीत; आतां ७९ पाडण्याची मुभा मिळाली. मक्तेदार कोण? सम्राटाचा तेथील प्रतिनिधि लिख्टेनश्टाइन, सेनानी वालेनश्टाइन, सावकार हान्स डी विटे, यहुदी व्यापारी बासेवी आणि त्यांचे सोबती. तरी त्या वेळच्या कित्येक पत्रकांतील शिव्याशाप यहुद्यांसच!

‘युद्धास पैसा लागतो, राजानें करावें तरी काय?’ असा प्रश्न कित्येक विद्वान् करतात. आमचें उत्तर असें कीं, उघड कर बसवावा. कर मागतांना सरदार व शहरें यांच्या सभांपुढें कारण सांगावें लागे. चांदींत तांबें मिसळतांना कोणाचीच संमति लागत नसे. या मार्गाची गोडी होती ती यामुळेंच. शिवाय सारा पैसा युद्धासच लागला, असेंही नाहीं. वालेनश्टाइननें बंडखोरांच्या जप्त जमिनी याच हिणकस नाण्यांनीं विकत घेतल्या.

भार पडला तो ठराविक वेतनाच्या पंतोजींवर, पाद्र्यांवर आणि मजुरांवर. १६२२ मध्यें माग्डेबुर्ग येथें दंगा उसळला. डिसेंबर १६२३ मध्यें बोहेमियांतील या नाण्यांची किंमत जवळजवळ नऊ दशांशांनीं उतरविण्यांत आली. ज्यांच्या पेटींत तीं होतीं, त्यांची पुंजी एका हुकुमानें बुडाली. राजांना उपरति झाली ती या हालांनीं नव्हे. तींच नाणीं करारूपानें त्यांच्या खजिन्यांत परत येऊं लागलीं तेव्हां!

नाण्यावरील मुद्रा ही राजानें प्रजेस दिलेली वजनाची व कसाची हमी होय. ती हमी ज्यांनीं मोडली त्यांच्या नांवानें हा काळ ओळखला जावा. त्यांच्या खोट्या मालाची दलाली करणाऱ्यांच्या नांवानें नव्हे.